तीन पाइप जास्तीचे

आमच्या गोठ्यामागं तीन पीव्हीसी पाइप पडून आहेत. अडीच इंची, वीस फुटी, कोरे. येणारा-जाणारा विचारतो, "आनखी लाइन टाकून राह्यले का भाऊ?" मी हो म्हणून टाकतो. खरं सांगायचं तर बराच वेळ लागतो, आणि सुरुवात बैलगाडीच्या चाकापासून करावी लागते.

हिंगणघाट तालुक्यात आमचं वावर नाल्याच्या दोन्ही अंगांनी आहे. विहीर आणि मोटर अलीकडच्या तुकड्यात, चांगली काळी जमीन पलीकडं. पलीकडचा चना दरवर्षी कोरडवाहूच निघायचा. यंदा ठरवलं की विहिरीपासून पलीकडच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) लाइटच्या खांबापर्यंत पाइप न्यायचा, बंधाऱ्याच्या भिंतीवरून, सरळ रेषेत. हा विचार डोक्यात आला तो ऑगस्टात, नाला दुथडी असताना. दुकानदार म्हणाला की पुढं भाव वाढणार, नग किती ते आजच सांगा. पलीकडं जायचं तर गावाच्या पुलावरून तीन किलोमीटरचा फेरा. फेरा मारून जाता येतं, पण टेप काही वाहत्या पाण्यावरून ओढता येत नाही.

मोबाइलच्या नकाशात दोन जागी खूण केली की अंतर येतं, हे मला माहीत होतं. पण वावरात रेंज नाही, आणि वरून काढलेल्या त्या फोटोत आमची विहीर कडुनिंबाखाली पार झाकलेली आहे. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण म्हणजे माझ्याकडं दुर्बीण होती, आणि मला ती वापरायची होती.

नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या मालात मिळालेली. लहानशी, पण हातात घेतली की किलोभराच्या वजनमापासारखी लागते. वर रशियन अक्षरं. रात्री पिकाच्या जागलीला रोही (नीलगायी) आणि डुकरं पाहायला म्हणून घेतली होती. एका नळीतून पाहिलं की समोरच्या चित्रावर बारीक रेघा दिसायच्या, मोजपट्टीसारख्या, एक लांब, एक आखूड. दोन वर्षं मी त्यांना काचेवरचे ओरखडेच समजत होतो.

गावातले फौजीकाकाजी तोफखान्यातून निवृत्त झालेले. देवळालीला शिकलेले. एकदा त्यांनी ती डोळ्याला लावली अन् म्हणाले, "बाबू, हे त मिलची दुर्बीन होय. तू इच्यातून डुकरं पाह्यते?"

मिल म्हणजे काय ते त्यांनी आमच्याच अंगणातल्या मोडक्या बंडीच्या चाकावर दाखवलं. चाकाच्या मधल्या तुंब्याच्या मधोमधपासून बाहेरच्या लोखंडी धावेपर्यंत दोरी धरली, तेवढीच कापली. मग ती दोरी धावेवर वाकवून ठेवली. दोरीच्या दोन टोकांचा तुंब्यापाशी जो कोन झाला, तो एक रेडियन. अशा दोऱ्या चाकाच्या घेराला सहा बसतात आणि वर थोडी जागा उरते. नेमकं म्हणाल तर ६.२८३. चाक छकड्याचं असो की ट्रॅक्टरचं, हा आकडा तोच. आता त्या एका रेडियनचे हजार तुकडे करा. एक तुकडा म्हणजे एक मिलिरेडियन, फौजेच्या तोंडी मिल. हजार भाग केल्यामुळं हिशेब इतका सोपा होतो की हजार मीटरवर एक मीटरची वस्तू एका मिलात बसते. शंभर मीटरवर दहा सेंटिमीटरची.

"म्हनजे पाय," काकाजी म्हणाले, "तुले वस्तूची उंची मालूम असन, त हजारानं गुन अन् जितके मिल दिसले तितक्यानं भाग. अंतर हातात. मानूस अंदाजे १.७ मीटर. दहा मिलमधी उभा दिसला त १७० मीटरवर हाय. आमी हे झोपीतबी करत होतो."

पूर्ण गोलात खरे मिल ६२८३ होतात. पण ६२८३ चे नीट चौथे हिस्से कोण करत बसणार? म्हणून फौजांनी आपापल्या सोयीचा आकडा धरला. "आमच्याकडं ६४०० चालते," ते म्हणाले. अर्धे केले की ३२००, मग १६००, ८००, ४००, पार २५ पर्यंत मोडत जा. मला ते पटलं, आणि मी ते तिथंच सोडलं. तिथं सोडायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवून बसलो. सकाळीच का, तर दुपारी ऊन पडलं की ओल्या जमिनीवर वाफारा उठतो आणि खांबाचं बूड पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. रेघांची नळी आधी आकाशाकडं धरून रेघा स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायची, मग खांबावर रोखायची. रेघा आडव्या पट्टीवर होत्या आणि मला मोजायची होती उंची. म्हणून दुर्बीण उभी धरली, एक डोळा बंद. काकाजींनी हेही बजावलं होतं की श्वास सोडून मोज, नाहीतर आपलीच छाती खांबाला वरखाली करते. लांब रेघ दहाची, आखूड रेघ पाचची. मधलं सगळं नजरेनं. खांबाचं बूड शून्यावर धरलं तर टोक १५ च्या पुढं आणि २० च्या बरंच अलीकडं. चार वेळा पाहिलं. सतरा.

लाइटचा खांब आठ मीटरचा असतो हे लाइनमनकडून ऐकलेलं. आठ हजार भागिले सतरा, ४७० मीटर. सहा मीटरचा एक पाइप धरला तर ७९ नग.

घरी येऊन जोरात सांगितलं. बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "येवढं लांब नाई ते. पाणी नसलं का मी बंधाऱ्यावरून रोज जातो ना, डोक्यावर डबा घेऊन. सहाशे पावलं."

"तू पावलं मोजते?"

"ओझं असलं का मोजतो. मन लागते."

मी तिला मिल समजावून सांगायला बसलो. तवा गरम होता, म्हणून थोडक्यात आटोपलं.

पण ७९ चा आकडा मलाही जड वाटत होता, पैशानं तर होताच. लाइनमन रस्त्यात भेटला तेव्हा सहज विचारलं. तो हसला. म्हणाला, खांब आठ मीटरचा खरा, पण सहावा हिस्सा जमिनीत गेलेला असतो, तो तुमच्या दुर्बिणीत कसा दिसणार? मी पुलावरून फेरा मारून खांबाशी गेलो. दोन दिवस ढग होते, तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. एक मीटरची काठी उभी केली, तिची सावली १.२० मीटर. खांबाची सावली ७.९०. भागाकार केला तर जमिनीवरची उंची ६.६ मीटरच्या आसपास. आठातून सहावा हिस्सा वजा केला तरी तेवढंच येतं.

सगळ्या प्रकारात मला इथं पहिल्यांदा घाम फुटला. दुर्बिणीनं काही चुकीचं सांगितलं नव्हतं. तिला फक्त कोन कळतो. उंची मी सांगायची, आणि माझी उंची खोटी असेल तर ती बिचारी तेवढंच खोटं अंतर हातात ठेवते, तेही मोठ्या ठामपणे. रोह्याचं तसंच. मोठ्या नराची खांद्याची उंची कधी १.२, कधी १.५ मीटर. सहा मिलमध्ये दिसला तर तो २०० मीटरवर आहे की २५० वर, हे तो स्वतः येऊन सांगेल तरच कळायचं. यापुढं रोही मोजायचा नाही, खांब, दरवाजा, विटांचे थर असलं माणसानं मापून केलेलंच मोजायचं, असं मी ठरवलं. (ठरवलं, पाळलं नाही. जागलीला रात्र मोठी असते.)

नवीन हिशेब केला. ६६०० भागिले १७, म्हणजे ३८८ मीटर. ६५ पाइप. दुसरा एक आकडा त्याच वहीत लिहून ठेवला होता, तोही सांगतो. सतराच्या जागी सोळा वाचलं असतं तर ४१२ मीटर, म्हणजे चार पाइप जास्त. दोन रेघांच्या मधली नजर एवढी महाग. म्हणून काकाजींना पण बोलावलं, त्यांना काही न सांगता पाहायला लावलं. त्यांनी बराच वेळ घेतला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "सतरा." मी जाऊन ६५ पाइप उचलले.

ऑक्टोबरात पाणी उतरलं, बंधाऱ्याची भिंत उघडी पडली. लाइन टाकली. बासष्ट पाइप लागले. जोडात जे आत शिरतं ते धरूनही बासष्टच. मग तीस मीटरचा टेप आणून, पोराला पुढं पाठवून, खुणा करत करत पूर्ण मोजलं, ३७२ मीटर.

दुकानदार विकलेला माल परत घेईना. त्याचं बरोबर होतं म्हणा, नग मीच सांगितले होते.

तीन पाइपांचं दुःख मोठं नव्हतं. मला छळत होते ते सोळा मीटर. नजर एका रेघेनं चुकली असेल म्हणावं तर काकाजींनीही सतराच वाचलेलं. ते म्हणाले, दुर्बीण कुठंतरी आपटली असेल, आतलं भिंग सरकलं असेल. यावर त्यांनी लॅम्ब्टन साहेबाची गोष्ट सांगितली. आमच्याकडं ती शाळेतही सांगत नाहीत. खरं म्हणजे सांगायला पाहिजे. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन. १८०२ मध्ये मद्रासला साखळीनं एक पाया, म्हणजे जमिनीवरची एक सरळ रेघ, मोजून तो निघाला, आणि पुढं कोनांवर देश मोजत आला. एक बाजू मोजलेली, दोन्ही टोकांचे कोन घेतलेले, की बाकीचा त्रिकोण घरबसल्या निघतो. त्याच्याजवळचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचं, ३६ इंची चकतीचं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटलं आणि चकती वाकली, तर त्यानं स्वतः बसून ती ठोकून-ओढून गोल केली. हा माणूस मोजत मोजत इथवर आला आणि जानेवारी १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटात वारला. त्याची कबरही हिंगणघाटातच आहे. आमचा अर्धा तालुका कापसाच्या गाड्या घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जातो, पण जगातली एवढी मोठी मोजणी करणारा इथं निजला आहे हे विचारलं तर दहातल्या एकाला सांगता येणार नाही. मलाही काकाजींनी सांगितलं तेव्हाच कळलं.

तर, दुर्बीण वाकडी आहे का ते तपासायचं होतं. शाळेजवळच्या सरळ रस्त्यावर टेपनं १०० मीटर मोजले. त्या टोकाला आडव्या रेषेत पाच मीटर अंतरावर दोन तुराट्या रोवल्या, वर पांढऱ्या चिंध्या बांधल्या. पाच मीटर, शंभर मीटरवर, म्हणजे बरोबर ५० मिल दिसायला पाहिजेत. दुर्बीण सायकलच्या सीटवर टेकवली. शून्यावर एक चिंधी. दुसरी चिंधी ५० च्या अलीकडं, ४८ च्याही जरा आतच. काकाजींनी पाहिलं, तेच. पोरीनं पाहिलं, ती दहावीत आहे, तिची नजर आम्हा दोघांपेक्षा चांगली. म्हणाली, "पावणेअठ्ठेचाळीस." तुराट्या उपटून ५० मीटरवर आणल्या, अडीच मीटर अंतर ठेवलं. तरी तेवढंच. म्हणजे चूक वाकडी-तिकडी नव्हती, प्रत्येक वेळी एकाच प्रमाणात होती. आपटलेलं यंत्र असं शिस्तीत चुकत नाही.

काकाजी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. दुर्बीण मांडीवर घेऊन तिच्यावरची अक्षरं अंगठ्यानं घासली. मग कपाळावर हात मारला.

"अबे बाबू, हे रशियन होय."

"हाव, ते त पहिल्यापासून हाय."

"रशियाचा गोल सहा हजाराचा राह्यते! आमच्यावानी ६४०० चा नाई. मले कायले नाई सुचलं!"

तिथं, रस्त्यावर बसून, पोरीच्या वहीत आम्ही ते मांडलं. खरा मिलिरेडियन गोलात ६२८३ वेळा बसतो. रशियानं गोलाचे ६००० च भाग केले, घड्याळाच्या बारा घरांत ते नीट वाटले जातात, एका घराला पाचशे. भाग कमी, म्हणून एकेक भाग मोठा. किती मोठा? ६२८३ भागिले ६०००, म्हणजे १.०४७. जवळजवळ पाच टक्के. ६४०० वाला मिल उलट लहान, खऱ्याच्या ०.९८२ पट, त्यात दोन टक्क्यांच्या आतच फरक पडतो, म्हणून काकाजींना जन्मभर तो जाणवला नाही. स्वीडनवाल्यांनी ६३०० धरलं होतं, ते खऱ्याच्या सर्वांत जवळचं. अर्थ सगळ्यांचा एकच, "हजारात एक", आणि हजार प्रत्येकाचा वेगळा. आमच्याकडं धान्य मापायची पायली असायची तशीच गत. या गावची पायली त्या गावच्या पायलीशी कधी जुळली?

आता माझे सतरा. ३८८ ला १.०४७ नं भागलं. ३७१ मीटर. टेप म्हणतो ३७२. पोरीनं त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.

१.०४७ या आकड्याची एक गंमत नंतर कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंदुकीच्या दुर्बिणींमध्ये मिलशिवाय दुसरं एक माप चालतं, मिनिट. अंशाचा साठावा हिस्सा, गोलात २१,६०० मिनिटं. इंग्रजी मापात विचार करणाऱ्यांना ते आवडतं, कारण शंभर यार्डांवर एक मिनिट म्हणजे साधारण एक इंच. साधारण म्हणजे किती? १.०४७ इंच. तोच आकडा! दोन्हीकडं तो गणितातल्या पायचा (π, म्हणजे ३.१४१६ चा) तिसरा हिस्सा आहे, म्हणून. शंभर मीटरवर तेच मिनिट २.९ सेंटिमीटर होतं, आणि एका मिलिरेडियनमध्ये मिनिटं बसतात ३.४४. काकाजी सांगत होते की रेघा मिलच्या आणि नेम सरकवायला फिरवायच्या चकत्या मिनिटाच्या अशा दुर्बिणी बरीच वर्षं विकल्या जायच्या, आणि माणूस वाचायचा एका भाषेत, फिरवायचा दुसऱ्या भाषेत. मला तर आपल्या सात-बाऱ्याची आठवण झाली. कागद हेक्टर-आरमध्ये, बोलणं एकरात.

कोजागिरीला अंगणात दूध आटत होतं तेव्हा मी चंद्रावरही दुर्बीण रोखली. चंद्र अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणजे सुमारे ९ मिलिरेडियन. माझ्या रेघांवर साडेआठच्या जरा पुढं भरला. व्यास ३४७४ किलोमीटर, हा पोरीच्या पुस्तकातून. रशियन भागाची दुरुस्ती न करता हिशेब केला तर चंद्र चार लाख किलोमीटरच्या पुढं गेला. दुरुस्ती केली तर ३ लाख ८५ हजारांच्या आसपास आला. मी खूश होऊन सर्वांना सांगितलं की पुस्तकात सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार दिलंय, आपलं बरोबर आलं.

पोरगी म्हणाली, "बाबा, चंद्र काय एका जागी थांबते का? कधी ३ लाख ५६ हजारावर येते, कधी ४ लाखाच्या वर जाते. तुमचं पहिलंवालंही बरोबर असू शकते."

मी दुधाचा ग्लास उचलला.

त्याच रात्री भांडी आवरताना बायकोनं विचारलं, "मंग किती भरलं शेवटी, टेपनं?"

"तीनशे बहात्तर."

ती काही बोलली नाही. झोपायला गेल्यावर मीच हिशेब करत पडलो. डोक्यावर डबा असला की तिचं पाऊल आखूड पडतं, दोन फुटाचं धरा. सहाशे पावलं, बाराशे फूट, ३६६ मीटर. एकसष्ट पाइप. माझ्यापेक्षा दोन पाइपांनी जवळ, आणि एक पाइप कमी पडला असता तर तो नंतर आणता आला असता.

मागच्या आठवड्यात गोठ्यामागं गेलो तर त्या तीनपैकी दोन पाइप उभे करून तिनं त्यांच्यावर दोरी ताणलेली, वालाचा वेल चढवायला. तिसऱ्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही म्हणते.